आजऱ्याची सुमनमावशी

(फुलेवाडीतल्या घराची गच्ची, उन्हं कललेली. बाळासो कुंड्यांपाशी बसलेत. घरात त्यांना आबा म्हणतात. समोर त्यांची सून, राजवीरची बायको पूर्णिमा, कानाला मोबाईल लावून उभी. आबांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजतोय.)

पूर्णिमा : उचला की आबा.

आबा : आसंल कुणीतरी. ह्या वेळंला कंपनीचा येतोय. रिंगटोन पायजे का म्हणून इचारत्यात.

पूर्णिमा : कंपनीचा नाही. माझा आहे.

आबा : तुजा? तू तर हितंच हुबी हायस. तोंडानं बोल की.

पूर्णिमा : मी तुम्हाला लावलेला नाही. आजऱ्याच्या सुमनमावशींना लावलाय, फेसबुकवरनं. हे बघा, मी बंद केला. थांबला वाजायचा. आता परत लावते. वाजला?

आबा : लाइन क्रॉस झाली आसंल.

पूर्णिमा : खिशातनं काढा तो फोन.

आबा : हात मातीचं हायत.

पूर्णिमा : मग मी काढू?

आबा : ए, हात लावायचा न्हाय! ...घे. घे, बघ काय बघायचं ते.

पूर्णिमा : माझं नाव. माझा फोटो. सोमवारी पाठवलेला, नव्या फ्लॅटच्या दारातला. आणि खाली मावशींचं उत्तर, ‘दृष्ट काढ गं पोरी.’ आबा... हे तुम्ही?

आबा : वरडू नको. खाली राजवीर हाय.

पूर्णिमा : मी ओरडत नाहीये. ह्या घरात ओरडायचं काम तुमच्याकडं आहे.

आबा : ते बी खरंच.

पूर्णिमा : दोन वर्षं, आबा! दोन वर्षं मी एका बाईला आई समजून... मी तिच्यासाठी साडी घेतलीय. महाद्वार रोडवर दुकानं पालथी घातली. उद्या टेम्पो येतोय, तिकडं राहायला गेल्यावर सवड मिळायची नाही, म्हणून म्हटलं त्याआधी आजऱ्याला जाऊन पाया पडून येऊ. तर मावशी आठवडाभर टाळतायत. कधी गुडघा दुखतो, कधी पुतण्या आलाय, कधी काजू वाळत घातलेत. शेवटी म्हटलं, फोन तरी करू. आवाज तरी ऐकू.

आबा : म्हणून तर सांगत हुतो, फोन करू नको, मला ऐकाय कमी येतंय.

पूर्णिमा : ते मावशींनी सांगितलं होतं!

आबा : तेच की.

पूर्णिमा : तेच की काय? लाज नाही वाटली?

आबा : वाटली. साडीचा फोटू बघितला तवा लई वाटली. अबोली रंग, काठाला बारीक बुट्टी. तुज्या सासूला आवडली आसती.

पूर्णिमा : साडीचं सोडा. का केलंत हे?

आबा : जास्वंदीपायी.

पूर्णिमा : काय?

आबा : तुजी सासू तानाबाई गेली नि सा म्हैन्यात तिच्या निम्म्या कुंड्या वाळल्या. मला कळंना काय करावं. पाणी घातलं तरी मरायलीय, न्हाय घातलं तरी मरायलीय. शेजारच्या मदिनाभाभीनं सांगितलं, फेसबुकवर बायकांचा ग्रुप हाय, ‘गच्चीतली बाग’, तितं इचारा. म्या माज्या नावानंच इचारलं.

पूर्णिमा : काय विचारलंत?

आबा : सरळ इचारलं. ‘बायांनो, जास्वंद का मरायलीय? कुणाला कळत आसंल त्यांनीच बोला, उगं फुलांचं फोटू टाकत बसू नका.’

पूर्णिमा : मग?

आबा : मग काय. हाकललं. च्या थंड व्हायच्या आत.

पूर्णिमा : त्यांचं काही चुकलं नाही.

आबा : चुकलं कुठं म्हणतोय? जलमभर कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्या लावल्या म्या. तितं हळू बोललं तर ट्रॅक्टर अंगावर येतोय. मला दुसरं बोलणं ठावंच न्हाय. म्हणलं, आता बाईच व्हावं लागतंय. मग सुमन केली. आजऱ्याची केली, कारण आजऱ्याचं त्या ग्रुपात कोण न्हवतं. रिटायर बालवाडीची बाई केली. नि तिच्या नावानं लिवलं, ‘मैत्रिणींनो, माझी जास्वंद रुसली आहे.’

पूर्णिमा : रुसली आहे!

आबा : अगं, काय सांगू. धावत आल्या बायका. कोण म्हणतीय ताक घाला, कोण म्हणतीय पानामागं पांढरी कीड हाय का बघा. एकीनं तर इचारलं, ‘सुमनताई, तुम्ही जेवलात का?’ मला! तानाबाई गेल्यापासनं मला कुणी जेवलास का म्हणून इचारलं न्हवतं.

पूर्णिमा : मी रोज ताट वाढत होते तुम्हाला.

आबा : वाढत हुतीस. इचारत न्हवतीस.

पूर्णिमा : ...सुरवातीला मावशी ‘मी पाणी घालतो’, ‘मी खत टाकतो’ असंच लिहायच्या. मी ह्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, आपल्याकडच्या बायका ‘येतो, जातो’ बोलतात तसंच लिहितात बघा, किती साध्या आहेत.

आबा : तेवढ्यावरच वाचलो. पुण्याच्या बायका आसत्या तर पयल्या दिशी धरलं आसतं.

पूर्णिमा : बरं. जास्वंद जगली. मग बंद का नाही केलंत?

आबा : करणार हुतो. तेवढ्यात तू घुसलीस ग्रुपात. नि एक दिस तुजा मेसेज. ‘मावशी, तुमची उत्तरं वाचून बरं वाटतं. खासगीत बोललं तर चालेल का?’

पूर्णिमा : तेव्हाच सांगायचं होतं.

आबा : लिवलं हुतं की. ‘अगं, मी तुजा सासरा हाय’, पुरं लिवलं हुतं. बोट लावायच्या आदी तुजं पुढचं येऊन पडलं. ‘मावशी, माझे सासरे म्हणजे नुसती तोफ आहे.’ आता ह्याच्यावर काय पाठवू? तोफ बोलतीय म्हणून? म्हणलं, बघू तरी तोफंबद्दल काय म्हणतीय.

पूर्णिमा : म्हणजे चोरून ऐकलंत.

आबा : व्हय. चोरूनच. पर समोरनं मला कोण काय सांगत हुतं? मी पुढच्या सोप्यात आलो की तुमी दोघं गप. राजवीरला इचारलं काय चाललंय, तर ‘काय न्हाय, आबा.’ लगीन झाल्यापासनं ‘काय न्हाय’ ऐकतोय. मावशीला मातर तू सगळं सांगायचीस. लॅबात तुज्यावर कोण खेकसलं ते, तुजी आई आजारी पडली तवा न्हाणीघरात नळ सोडून रडलीस ते. मी खालीच हुतो की त्या दिशी. पेपर वाचत हुतो. मला वाटलं, ही पाणी वाया घालवायलीय.

पूर्णिमा : आणि दारावर थाप मारून ओरडलात, ‘टाकी रिकामी करतीस का?’

आबा : मारली. मग सांजच्याला मावशीला कळलं. तवा मावशीला त्या सासऱ्याचा राग आला, तुला सांगतो.

पूर्णिमा : थांबा. मी एकदा लिहिलं होतं, सासरे सकाळी सोप्यात बसलेले असतात, डबा घेऊन त्यांच्यासमोरून जाताना धाकधूक होते. दुसऱ्या दिवसापासून तुमची खुर्ची इथं गच्चीवर.

आबा : व्हय. मग?

पूर्णिमा : मला वाटलं देवानं ऐकलं! मी अंबाबाईला नारळ फोडला.

आबा : ठावं हाय. खोबरं मीच खाल्लं.

पूर्णिमा : आणि जेवताना मी म्हणायचे, ‘मावशी सांगतात, उशिरा भात नको’, तर तुम्ही अख्खी गल्ली गोळा करायचात. ‘कोण ती टवळी मावशी? आणा हिकडं तिला!’

आबा : न्हाय वरडलो तर वळीकलं आसतंस. नि दुसरं म्हंजे, खरंच राग याचा तिचा.

पूर्णिमा : कुणाचा?

आबा : मावशीचा! मी सांगितलं तर तुमी ऐकायचा न्हाय. तेच तिनं सांगितलं की दुसऱ्या दिशी ऐकायचा. मागं तुला ताप चढ-उतर करत हुता. म्या सांगितलं दवाखान्यात जा. गेलीस? न्हाय. मावशीनं सांगितलं, गेलीस.

पूर्णिमा : तुम्ही असं सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, ‘मरायची घाई झालीया काय?’

आबा : अर्थ त्योच की.

पूर्णिमा : मी इचलकरंजीची आहे, आबा. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेय. आवाजाला मी घाबरत नाही. पण मागाचा आवाज कुणावर चिडलेला नसतो. तुमचा असतो.

आबा : हे मावशीला न्हाय लिवलंस कवा.

पूर्णिमा : हे तुम्हाला सांगायचं होतं. तिला सांगून काय उपयोग?

आबा : ...बरं. आता मी एक इचारू?

पूर्णिमा : तुम्हाला विचारायचं राहिलंय काही अजून?

आबा : ताट.

पूर्णिमा : कुठलं ताट?

आबा : दिवाळीच्या आदी लिवलंतंस. ‘मावशी, आज सासऱ्यांनी भरलं ताट भिंतीवर फेकलं. मी अजून आमटीचा डाग पुसतेय.’ म्या ताट कवा फेकलं? सांग की. वरडतो, कबूल. पर ताट? भरलेलं? अन्नाचं?

पूर्णिमा : त्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून तुम्ही—

आबा : बोललो. फेकलं का?

पूर्णिमा : नाही.

आबा : न्हाय?

पूर्णिमा : ताट पुढं सरकवलंत. वाटी कलंडली.

आबा : वाटी कलंडली.

पूर्णिमा : मी जरा वाढवून लिहिलं.

आबा : नि भिंतीवरचा डाग?

पूर्णिमा : तो आधीपासनं होता. ओल आहे ती... असं बघू नका. त्या ग्रुपातल्या बायकांची दुःखं केवढाली होती. एकीला नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं, एकीचं मूल अंथरुणाला खिळलेलं. माझं दुःख फार बारीक होतं, आबा. सासरा मोठ्यानं बोलतो. बस. त्यावर मावशी तरी किती दिवस कळवळणार? म्हटलं, कंटाळतील माझा. मग हळूहळू मी तिथं जरा जास्तच सोसणारी झाले.

आबा : म्हंजे तूबी दुसरीच कोणतरी झालीस.

पूर्णिमा : नाव माझंच होतं.

आबा : आगं, नाव तुजं, छळ परक्याचा. नि ते गल्लीतल्या कुत्र्याला लाथ मारून पायरीवरनं पाडलं ते?

पूर्णिमा : ते... ते पण नाही.

आबा : तेबी न्हाय! म्या डागदरकडं गेलो, पोरी.

पूर्णिमा : कशाला?

आबा : इसर पडायचा डागदर असतोय, राजारामपुरीत. म्हणलं, सायेब, म्या घरात ताट फेकलं, मुक्या जनावराला मारलं, नि मला त्यातलं कायबी आठवत न्हाय. त्यानं मशिनीत घातलं मला. टाळक्याचा फोटू काढला.

पूर्णिमा : ते चक्कर येते म्हणून ना? हेच तर घेऊन गेले होते तुम्हाला.

आबा : राजवीरला काय सांगणार? चक्कर सांगितली. डागदर म्हणाला, मेंदू खणखणीत हाय. म्हणलं, तुमचं मशीन एकदा बघून घ्या.

पूर्णिमा : अहो, पण माझा संशय नाही आला तुम्हाला?

आबा : तुजा? राजवीरला बोलशील खोटं, मला बोलशील. मावशीला कशाला बोलशील?

पूर्णिमा : ...आणि मावशींनी उत्तर दिलं होतं, ‘असल्याला माणूस म्हणू नये, राक्षस म्हणावं.’

आबा : व्हय. ह्याच अंगठ्यानं लिवलं. दुसरं काय लिवणार? भरलं ताट भिंतीवर फेकणाऱ्याला मावशी काय शाबासकी देणार? त्याच्या आदी एकदा धाडस करून लिवलं हुतं, बघ तू. ‘पोरी, कदाचित मनानं ते वाईट नसतील.’ तुजं काय उत्तर आलं?

पूर्णिमा : ‘मावशी, तुम्ही त्यांना बघितलेलं नाही.’

आबा : मग परत कवा त्याची बाजू घेतली न्हाय.

पूर्णिमा : आणि वेगळं राहायचं? तेही तुम्हीच? ‘पोरी, तुमचं दोघांचं वेगळं घर करा. मध्ये थोडी वाट असली की माणसं एकमेकांकडं चालत जातात.’ मी ते वाक्य दिवसभर जपून ठेवलं होतं. ह्यांना वाचून दाखवलं, तिथनं फ्लॅटचं ठरलं आमचं.

आबा : मग ते काय आजऱ्यानं लिवलं?

पूर्णिमा : अहो, मी खाली येऊन सांगितलं तेव्हा घर डोक्यावर घेतलंत तुम्ही! ‘बापाला टाकून चाललासा, परत ह्या दारात तोंड दाखवू नका.’ जेवण सोडलंत!

आबा : ते आबानं सोडलं.

पूर्णिमा : आणि त्याच दिवशी मावशी लिहितायत, ‘माघार घेऊ नको. म्हातारी माणसं रुसतात, भूक लागली की जेवतात.’

आबा : बरोबरच हुतं की. तिसऱ्या दिशी जेवलो.

पूर्णिमा : पण का? स्वतःच्या विरुद्ध कुणी असा सल्ला देतं का?

आबा : मावशी म्हणून बसलं की ह्या घराकडं आजऱ्यातनं बघाय लागतंय. लांबनं. लांबनं काय दिसतंय? एक पोरगी दिवसभर लॅबात हुबी ऱ्हाऊन घरला येतीय. एक पोरगा दोघांच्या मधी पिळून निघालाय. नि सोप्यात तोफ. कुणीबी सांगितलं आसतं, बाबांनो, निघा हितनं. पर जिना उतरून खाली आलो की ती तोफ मीच आसतोय. मग म्हणतोय, ही दोघं गेली तर ह्या घरात मी कुणासंगं बोलू? भ्या वाटतंय. नि भ्या वाटलं की मला येक वरडायचंच येतंय.

पूर्णिमा : हे आबा म्हणून एकदा तरी सांगितलं असतंत तर.

आबा : आता सांगितलं की.

पूर्णिमा : आता पकडल्यावर. अजून एक सांगा. मावशींचे यजमान. ‘आमच्या ह्यांनी आयुष्यात आवाज चढवला नाही. माझा पाय दुखला की तेल कोमट करून आणायचे. बाजारातनं येताना न सांगता गजरा आणायचे.’ मी ते वाचून ह्यांना टोमणे मारायचे. तो माणूस कुठून आणलात?

आबा : कुठनं आणणार? तानाबाईसाठी जे जे केलं न्हाय, ते ते लिवत गेलो. त्याला इचार करावा लागला न्हाय. भरपूर हुतं.

राजवीर : (जिना चढून येत) पूर्णिमा! अगं, भांड्यांच्या खोक्यावर काय लिहू, स्वयंपाक का किरकोळ? ...काय झालं? परत वाजलं का तुमच्यात? आबा, उद्या टेम्पो येतोय, आजचा एक दिवस तरी नको हं.

पूर्णिमा : नाही हो, काही नाही. बोलत होतो.

राजवीर : तुम्ही दोघं? बोलत होतात? बरं, लागला का मावशींना फोन?

पूर्णिमा : लागला.

राजवीर : लागला? कसा आहे आवाज?

पूर्णिमा : जाड आहे.

राजवीर : जाड?

पूर्णिमा : सर्दी झालीय म्हणाल्या. भेटायला नका येऊ म्हणाल्या.

राजवीर : अरेरे. माझा नमस्कार सांगितलास ना? आबा, तुम्हाला राग येईल, पर खरं ते सांगतो. त्या बाईमुळं आमचा संसार निभावला. माझ्यात काय तुमच्यासमोर उभं राहायची ताकद नव्हती. हिला तिनं धीर दिला, म्हणून मला आला.

आबा : तुज्यात कवा ताकद हुती?

राजवीर : हे बघा, झालं सुरू.

आबा : झालं सुरू म्हंजे? बापाला शिकवाय लागलास? जावा की! उद्याची वाट कशाला बघतासा? आजच जावा! नि त्या मावशीला बी न्या संगट, मांडीवर घेऊन बसा!

राजवीर : आबा, हळू. मदिनाभाभी खिडकीत आल्या.

आबा : येऊ दे! तिला काय नवीन हाय?

राजवीर : पूर्णिमा, चल खाली. ऐकत बसू नको.

पूर्णिमा : तुम्ही व्हा पुढं. मी आलेच. ‘किरकोळ’ लिहा खोक्यावर.

राजवीर : आणि आबा, मावशींना न्यायची आमची तयारी आहे. पर तुमच्यासारख्या माणसाच्या आसपास ती बाई एक दिवस टिकायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

आबा : जा जा, लई कळतंय तुला!

पूर्णिमा : ...गेले खाली. एवढ्या मोठ्यानं काय गरज होती आता?

आबा : एकदम गोड बोललो आसतो तर पोरगं घाबरलं आसतं. परत मशिनीत घालून आणलं आसतं मला. हसतीस काय?

पूर्णिमा : हसू आलं. तुम्ही ओरडत होता आणि मला आज पहिल्यांदा भीती नाही वाटली. वाटलं, आता खाली जाऊन हेच लिहितील, ‘पोरी, जास्त बोललो का गं?’

आबा : हे वंगाळ झालं. वरडून आता उपेग न्हाय म्हण की.

पूर्णिमा : आबा, टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगू का?

आबा : कशाला?

पूर्णिमा : नाही जात आम्ही. राहतो इथंच.

आबा : खुळी झालीस काय? आता तर जायाचंच. आदी निदान मी वरडलो की तुला सांगाय मावशी हुती. आता मी वरडलो तर तू कुणाला सांगणार?

पूर्णिमा : ...ते आहेच.

आबा : नि ध्यानात ठेव, आज तुला कळलं म्हणून उद्या सकाळी मी देवमाणूस हुणार न्हाय. हा आवाज गेटवर बनलाय, असा जायाचा न्हाय.

पूर्णिमा : मीही अजून माफ केलेलं नाही. माझ्या आईला सांगितल्या नाहीत त्या गोष्टी तुम्ही वाचल्यात.

आबा : करू नको. मावशीनं बी हेच सांगितलं आसतं. लगीच माफ—

पूर्णिमा : मावशीला मध्ये आणू नका! ती माझी होती. मला सुतक आल्यासारखं झालंय आज. माझं एक माणूस गेलं, आणि घरात कुणाला सांगायचीही सोय नाही.

आबा : मला सांग की. मलाबी तसंच व्हायलंय.

पूर्णिमा : तुम्हाला?

आबा : मग? दोन वर्सं तिच्यासंगं काढली म्या. बायकांच्यात बसाय मिळायचं, माणसं ‘ताई, जपा’ म्हणायची. कुणाला चार बरं शब्द लिवलं की दिवसभर छाती हलकी वाटायची. माज्यापरीस बरी बाई हुती ती. माज्यातनंच निघाली, नि माज्यापरीस बरी. कशी काय, ते मला बी कळंना.

पूर्णिमा : ग्रुपातल्या आणखी कुणाशी खासगीत बोललात?

आबा : न्हाय. देवाशप्पत. एक बाई तिचं दुखणं सांगाय लागलीती, बायकांचं. म्या ‘डॉक्टरला दाखव, माझा चष्मा सापडत नाही’ म्हणून पळ काढला. बाकी सगळ्यांसंगं निस्तं खताचं.

पूर्णिमा : मग सुमनमावशीचं खातं बंद करा. खत सांगायचं तर स्वतःच्या नावानं सांगा.

आबा : माज्या नावाला बंदी हाय तितं.

पूर्णिमा : मी बोलते ग्रुप चालवणाऱ्या बाईंशी. म्हणते, आमचे सासरे आहेत, झाडांतलं बरंच कळतं त्यांना, तोंडानं जरा...

आबा : तोफ हायत म्हण. कशाला लपवतीस?

पूर्णिमा : आणि साडी कुणाला देऊ?

आबा : तू नेस. पर नेसल्यावर मावशीला फोटू पाठवत बसू न— ...हां. न्हाय. कुणाला पाठवणार.

पूर्णिमा : चला, मी जाते खाली. खोकी बांधायची राहिलीत.

आबा : पूर्णिमा.

पूर्णिमा : काय?

आबा : तितं गच्ची हाय का?

पूर्णिमा : नाही. आमच्या वर अजून दोन मजले आहेत. बाल्कनी आहे.

आबा : केवढी?

पूर्णिमा : दोन खुर्च्या बसतील. मध्ये एखादी कुंडी.

आबा : ऊन येतंय?

पूर्णिमा : सकाळचं.

आबा : सकाळचं बेस. ...मी आलो तर चालंल का? रोज न्हाय. आपलं कवातरी, रविवारचं.

पूर्णिमा : भिंती पातळ आहेत तिथल्या. शेजारच्यांना सगळं ऐकू जातं.

आबा : मग बोलत न्हाय. निस्ता बसतो.

पूर्णिमा : बोला की. ऐकू दे त्यांना. कळू दे, आमच्याकडं कोण आलंय ते.